आजीच्या पेटीतले रुपये: आधी कांती बघा, मग नक्षी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजी गेल्यावर तिच्या पत्र्याच्या पेटीत सदतीस चांदीचे रुपये निघाले, राणी छापपासून सहाव्या जॉर्जपर्यंतचे. बरेचसे काळे पडले आहेत, चार-पाच मात्र लखलखीत आहेत. त्या लखलखीतांपैकी १८८५ चा रुपया एका नाणेविक्रेत्याला दाखवला, तो म्हणाला ‘एक्सएफ’ (एक्स्ट्रीमली फाइन, म्हणजे अगदी थोडी झीज). दुसऱ्याने भिंग लावलं आणि म्हणाला, ‘घासलेला आहे, व्हीएफचेही (व्हेरी फाइन, म्हणजे एक्सएफच्या खालची पायरी) पैसे देणार नाही.’ यातला खरा कोण? आणि उरलेले काळे रुपये चिंच-मिठाने स्वच्छ करून मग ग्रेड ठरवायची का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाहीतर इकडे मी लिहीत बसेन आणि तिकडे कुणीतरी चिंच भिजत घालेल. घासू नका. चिंच, लिंबू, राख, पितांबरी, टूथपेस्ट, खायचा सोडा, यातलं काहीही नको. मऊ फडकंसुद्धा नको. हे मी शहाणपणाने सांगत नाही, अनुभवाने सांगतो. कॉलेजात असताना मला १९०१ चा एक रुपया मिळाला होता. कडेला निळसर, आत तांबूस, मधे फिकट सोनेरी. मला तो मळका वाटला. रांगोळी लावून असा घासला की ताटात ठेवला तर वाटीसारखा चमकावा. मोठ्या आनंदाने एका जुन्या संग्राहकांकडे नेला. त्यांनी बघितला, उलटा केला आणि एवढंच विचारलं, ‘धुतलास?’ तो रुपया आजही माझ्याकडे आहे. विकायला काढला तर मोडीचा भाव येईल, म्हणून ठेवलाय.

आता मूळ मुद्दा. नाण्याची अवस्था ठरवताना नवखा माणूस एकच गोष्ट बघतो: नक्षी किती शिल्लक आहे. पण नाण्यावर तीन वेगवेगळ्या गोष्टी घडलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करता आल्या पाहिजेत. टांकसाळीत ठसा कसा उमटला, ही पहिली. हातोहात फिरून किती झीज झाली, ही दुसरी. आणि नंतर माणसांनी त्याच्यावर काय प्रयोग केले, ही तिसरी. तुमच्या १८८५ च्या रुपयावरून दोघांचं जे वाजलं ते यामुळेच. एकाने दुसरी गोष्ट बघितली, दुसऱ्याने तिसरी.

बघायचं कसं ते सांगतो. ट्यूबलाइटखाली नाणं बघणं म्हणजे धुक्यात माणूस ओळखणं. खोली जरा अंधारी करा, एकच पिवळा बल्ब असलेला टेबलाचा दिवा लावा, नाणं कडेला दोन बोटांत धरा (पृष्ठभागावर अंगठा कधीही नाही, घामाचा ठसा चांदीवर कायमचा उमटतो) आणि दिव्याखाली सावकाश कलतं करत फिरवा. खाली जाड टॉवेल पसरलेला हवा. नाणं हातातून निसटतंच. टांकसाळीत ठशाचा दाब पडतो तेव्हा चांदी मधून कडेकडे वाहते आणि डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक रेषा उमटतात. त्या रेषांवरून प्रकाश परतताना सायकलच्या चाकाच्या आऱ्या फिराव्यात तसे पट्टे नाण्यावर फिरतात. यालाच संग्राहक ‘लस्टर’, म्हणजे कांती, म्हणतात. हे पट्टे मधे न तुटता उंचवट्यांवरूनही फिरत असतील तर नाणं वापरात आलेलंच नाही. उंचवट्यांवर येऊन ते अडखळत असतील, तिथे करडा मंद डाग दिसत असेल, तर झीज सुरू झाली आहे. नक्षी पूर्ण असली तरीही.

घासलेल्या नाण्यावर हे पट्टे फिरत नाहीत. ते सगळीकडून एकसारखं चकाकतं, स्टीलच्या ताटासारखं, आणि कलतं केलं की एकाच दिशेने गेलेल्या केसासारख्या बारीक रेषा उजळतात. नैसर्गिक झिजेचे ओरखडे वाटेल त्या दिशेला असतात. फडक्याचे ओरखडे समांतर असतात किंवा गोल गोल. अक्षरांच्या कुशीत बघा. फडकं तिथे पोचत नाही, त्यामुळे घासलेल्या नाण्याचं मैदान (नक्षीभोवतीची सपाट जागा) पांढरंफटक आणि अक्षरांच्या मुळाशी काळी कड राहते. दहापट भिंग पुरतं. त्याहून मोठ्या भिंगाखाली प्रत्येक नाणं भंगार दिसतं.

आता झीज कुठे शोधायची ते. कलदार रुपया, म्हणजे यंत्रावर पाडलेला रुपया, सगळीकडे सारखा झिजत नाही. जे सर्वात उंच ते सर्वात आधी जातं. १८४० च्या कंपनी सरकारच्या रुपयावर तरुण व्हिक्टोरियाचं मुकुट नसलेलं डोकं आहे. तिथे कानावरचे आणि कपाळावरचे केस आधी सपाट होतात. १८६२ पासूनच्या मुकुटवाल्या राणीवर, म्हणजे आपल्या घराघरांतल्या राणी छापवर, चार जागा लक्षात ठेवा: गालाचा उंचवटा, कानावरचे केस, मुकुटातले मणी आणि छातीवरच्या वस्त्राची वेलबुट्टी. वस्त्रावरची फुलं सुटी सुटी मोजता येत असतील, केसांच्या बटा वेगळ्या दिसत असतील आणि फक्त गालावर व कानावरच्या एखाद्या बटेवर चमक उडालेली असेल, तर नाणं एक्सएफ. केसांच्या बटा एकमेकींत मिसळू लागल्या, वेलबुट्टीची टोकं गेली, पण मुकुटाचे मणी अजून मणी दिसतात, तर व्हीएफ. वस्त्र जवळपास कोरं झालं, केसांचा नुसता आकार उरला, तर फाइन. आणि राणी म्हणजे मुकुट घातलेली सावली उरली, तर त्याखालची व्हीजी (व्हेरी गुड) वगैरे. आपल्या भागातल्या पेट्यांत सर्वाधिक मिळतात ते फाइन आणि व्हीएफ, कारण हे रुपये बाजारात खरोखर फिरलेले आहेत.

सातव्या एडवर्डचा रुपया (१९०३ ते १९१०) वाचायला सोपा. राजाच्या डोक्यावर मुकुट नाही, त्यामुळे कान, भुवई आणि दाढी एवढंच बघायचं. कानाची कड पुसली की एक्सएफ सोडून द्या.

पाचव्या जॉर्जवर मला जरा जास्त बोलू द्या, कारण तिथे टांकसाळीने आपल्यासाठी एक उत्तम मोजपट्टी ठेवली आहे: राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती. १९११ च्या पहिल्या रुपयावर तो हत्ती इतका आखूड सोंडेचा झाला की लोकांना डुक्कर वाटला. बोभाटा झाला, रुपये मागे घेऊन वितळवले गेले आणि १९१२ पासून सोंड-कान नीट केलेला हत्ती आला. म्हणून १९११ चा ‘डुक्कर छाप’ इतरांपेक्षा महाग. पण ग्रेडच्या दृष्टीने गंमत अशी की हत्ती छातीवर, उंच जागी आहे. चांगल्या नाण्यात त्याचे पाय आणि सोंड वेगवेगळी दिसतात, व्हीएफमध्ये तो गोळा होऊ लागतो आणि फाइनच्या खाली उतरलं की १९१२ नंतरचा हत्तीसुद्धा डुकरासारखा दिसतो. झिजलेला १९१२ चा रुपया ‘डुक्कर छाप’ म्हणून गळ्यात मारणारे भेटले आहेत मला. आधी वर्ष वाचा, मग प्राणी.

इथेच ठशाचा प्रश्न येतो. कधी हत्ती किंवा राणीचे केस टांकसाळीतून बाहेर पडतानाच अर्धवट उमटलेले असतात. ठसा जुना झालेला असतो किंवा दाब कमी पडलेला असतो. ही झीज नाही. फरक ओळखायचा तो कांतीवरून. जिथे नक्षी अर्धवट आहे तिथेही ते फिरते पट्टे दिसत असतील तर ठसा कच्चा. तिथे मंद करडेपणा असेल तर झीज. नक्षीवर भिस्त ठेवणारे इथे हमखास फसतात आणि न वापरलेल्या नाण्याला व्हीएफ म्हणून मोकळे होतात. असे दोन-तीन रुपये मी लोकांच्या थाळीतून उचलले आहेत. बोलण्यासारखं नाही, पण खरं आहे.

दुसरी बाजूही बघा. राजा-राणीच्या मुखड्यामागची बाजू, जिथे ‘वन रुपी’ आणि वर्ष असतं, ती सपाट असते, कड तिला सांभाळते, त्यामुळे ती मुखड्यापेक्षा एक पायरी वरची दिसते. विक्रेता आधी ती बाजू वर करून देत असेल तर त्याला दोष देऊ नका, पण नाणं उलटून बघा. दोन बाजूंत फरक असेल तर कमी असलेली बाजू धरायची.

वजनाचा काटा घ्या, दोन दशांश स्थळांचा. १८३५ च्या कायद्याने कंपनीचा रुपया १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम ठरला, त्यात बारापैकी अकरा भाग शुद्ध चांदी. १९०६ च्या नाणे कायद्यात अशी अट होती की प्रमाण वजनाच्या दोन टक्क्यांहून अधिक घटलेला रुपया कायदेशीर चलन राहत नाही. म्हणजे साधारण ११.४३ ग्रॅमची रेषा. सरकारने स्वतःच झिजेची रेघ मारून ठेवली होती म्हणा ना. ११.६ च्या वर असलेलं नाणं फारसं झिजलेलं नसतं, आणि ११.४ च्या खाली गेलेल्या नाण्याला कुणी एक्सएफ म्हणत असेल तर हसून चहा मागवा. नक्षी ताजी आणि वजन बरंच कमी, असा मेळ दिसला तर मात्र हसू नका; ते नाणं नक्कल असण्याची शक्यता आहे.

नकलेची एक घरगुती चाचणी सांगतो. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, काटा शून्यावर आणा, रुपया दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि काचेला टेकू देऊ नका. काटा १.१३ च्या आसपास दाखवायला हवा. तेवढ्याच वजनाचं पितळ असेल तर आकडा १.३ च्या वर जातो. पूर्वी सराफ रुपया दगडावर वाजवायचे, खणखणीत की बद्द ते ऐकायला. त्या वाजवण्यानेच हजारो रुपयांच्या कडा दुखावल्या आहेत. वाजवायचाच असेल तर बोटाच्या टोकावर तोलून पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा.

सहाव्या जॉर्जचे रुपये वेगळ्या ढिगात ठेवा. १९४० ते १९४५ च्या रुपयांत चांदी निम्मीच आहे. महायुद्धात चांदी पुरेना. कडेच्या चरांच्या मधोमध एक वेगळी खाच काढलेली असते, नकला रोखण्यासाठी, तिच्यावरून चटकन ओळखू येतात. हे रुपये न झिजलेले सहज मिळतात, म्हणून त्यांत यूएनसीच्या (अनसर्क्युलेटेड, म्हणजे न वापरलेलं) खालचं काही जमवू नका. १९३९ चा रुपया निघाला तर मात्र थांबा. तो फार दुर्मिळ आहे आणि १९३८ च्या आठाचा नऊ करणारे कारागीरही कमी नाहीत. शेवटचा आकडा बाकीच्या आकड्यांसारखाच मैदानातून वर आलेला आहे की कोरून-चिकटवून केलेला, हे भिंगाखाली बघा आणि जाणकाराला दाखवल्याशिवाय कुणाला बोलू नका.

वर्षांबद्दल आणखी एक गैरसमज. १८४० आणि १८६२ हे आकडे बघून लोक हरखतात. टांकसाळींनी १८४० चंच वर्ष पुढे वीसेक वर्षं चालवलं आणि १८६२ चं वर्ष १८७४ पर्यंत. दोन्ही भरपूर सापडतात. उलट मुंबई-कलकत्त्याचा फरक बघायला शिका: पाचव्या जॉर्जच्या मुंबईच्या रुपयावर खालच्या फुलाशी बारीक ठिपका असतो, कलकत्त्याच्या रुपयावर नसतो. १९१८, १९१९, १९२० चे रुपये तर वाट्टेल तितके. पहिल्या महायुद्धात इथे चांदीचा इतका तुटवडा झाला की अमेरिकेने १९१८ मध्ये पिटमन कायदा करून आपले कोट्यवधी चांदीचे डॉलर वितळवले आणि ती चांदी इकडे आली. या वर्षांचा रुपया फाइन असेल तर त्याची किंमत त्यातल्या १०.७ ग्रॅम चांदीइतकीच.

काळेपणाबद्दल. चांदी गंधकाशी जुळली की तिच्यावर सल्फाइडचा थर बसतो. थर पातळ असतो तेव्हा सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा, आणि जाड झाला की काळा. कडेकडून आत सावकाश सरकलेला, खाली कांती जिवंत असलेला हा रंग म्हणजे नाण्याला कुणी हात लावलेला नाही याची पावती. त्याला जादा पैसे देणारे आहेत. पैसे मिळतात म्हटल्यावर रंग चढवणारेही आहेत. रंग ओरखड्यांच्या वरून सरळ वाहत गेला असेल, उंच-सखल भागांवर सारखाच भडक असेल, तर आधी घासून मग रंगवलेलं नाणं समजा. आणि बाजारात मिळणाऱ्या द्रावणात बुडवून ‘नवं’ केलेलं नाणं? ते द्रावण काळेपणाबरोबर चांदीचा वरचा थरही नेतं. एकदा बुडवलं तर कांती थोडी कमी होते, वारंवार बुडवलं तर त्या बारीक रेषाच संपतात आणि नाणं खडूसारखं मेलेलं पांढरं होतं.

तुमच्या पेटीतले सगळेच काळे रुपये असे नशीबवान नसतील हेही सांगतो. हळद-कुंकवाचा थर, तेल, पेटीतल्या प्लास्टिकच्या पिशवीने सोडलेला हिरवट चिकटपणा, हे चांदीचे रंग नव्हेत. ते काढायला शुद्ध अॅसिटोन चालतं (नेलपॉलिश काढायचं सुगंधी नव्हे). काचेच्या वाटीत, खिडकी उघडी ठेवून, विस्तवापासून दूर. बुडवा, काढा, टिपून न घेता हवेत वाळू द्या. एवढं केलं की बास.

आणि कडा तपासा. आपल्याकडे रुपयांच्या माळा करायची पद्धत होती, त्यामुळे राजाच्या डोक्यावर बारा वाजण्याच्या जागी डाग, सपाटपणा किंवा भरून काढलेलं भोक सापडतं. कडेचे चर अंगठ्याच्या नखाने चाचपा. जिथे नख घसरतं तिथे कधीतरी टाका लावला होता. असं नाणं बाकी एक्सएफ असलं तरी त्याला एक्सएफची किंमत नाही.

ग्रेड ठरवून देणाऱ्या कंपन्यांनी डबीबंद केलेल्या, शिक्का मारलेल्या नाण्यांचे आकडे तुम्हाला दिसतील, एमएस ६३ (मिंट स्टेट, न वापरलेलं), एयू ५८ (जवळपास न वापरलेलं) असे. ही १ ते ७० ची मोजपट्टी शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४९ मध्ये तिकडच्या तांब्याच्या जुन्या सेंटसाठी मांडली. ६० पासून पुढे न वापरलेली नाणी. घासलेल्या नाण्याला या कंपन्या आकडा देतच नाहीत, नुसतं ‘एक्सएफ डिटेल्स, क्लीन्ड’ असं लिहितात. परदेशातल्या नातेवाइकाबरोबर रुपये पाठवून आकडा घ्यायचा विचार असेल तर थांबा: शंभर वर्षं झालेली नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, ती खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. तुमच्या पेटीतले बहुतेक रुपये त्यात बसतील.

हे सगळं कलदार रुपयांचं. पेटीत एखादा जाड, ओबडधोबड, अर्धवट अक्षरांचा रुपया असेल, मराठेशाहीतला अंकुशी किंवा चांदवडच्या टांकसाळीचा चांदोरी, तर वरचं सगळं विसरा. हाताने ठोकलेल्या नाण्यात ठसा नाण्यापेक्षा मोठा असायचा, त्यामुळे पूर्ण मजकूर कधीच बसत नाही. तिथे किती अक्षरं आली, खूण पूर्ण आली का, ठसा मध्यावर आहे का, हे बघतात. सराफांनी खरेपणा तपासायला मारलेल्या बारीक खुणा तिथे चालून जातात. मला तर त्या आवडतात.

आता १८८५ चा तुमचा रुपया. तुम्ही लिहिलंय की वस्त्रावरची फुलं मोजता येतात आणि वजन ११.६१ भरलं. मग पहिला विक्रेता झिजेबद्दल बरोबर बोलला, नक्षी एक्सएफचीच आहे. दुसराही बरोबर बोलला, कारण लखलखीतपणा दरवर्षीच्या लक्ष्मीपूजनाचा आहे, टांकसाळीचा नाही. वहीत ‘नक्षी एक्सएफ, घासलेला’ असं लिहा आणि व्हीएफच्या जरा खालच्या भावाची अपेक्षा धरा. घाईने विकू नका. उरलेले काळे बत्तीस-तेहेतीस रुपये दिव्याखाली एकेक करून फिरवा, खरा माल त्यांत असेल. प्रत्येकाला पुठ्ठ्याची वेगळी चौकट आणि डब्यात सिलिका जेलची पुडी. रबरबँड आणि वर्तमानपत्र नको, दोन्हींतून चांदी काळवंडते. आणि आई म्हणत असेल की दिवाळीला चौरंगावर रुपये हवेतच, तर त्यांना १९१९ चे दोन झिजलेले काढून द्या. ते खुशाल घासा.